मुदत : बरा होईपर्यंत

लिफ्टवाला मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मेला. शुक्रवारी त्याला पुरलं, तेव्हा चर्चची अख्खी मंडळी हजर होती.

रविवारी पाळकसाहेबांनी प्रार्थनेच्या यादीचं दुसरं पान उलटलं, खोकल्याची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली आणि वाचलं, "एकतीस. आपला लिफ्टवाला भाऊ. यकृताचा आजार. त्याच्या प्रकृतीला आराम पडावा."

कुणाची तरी खुर्ची करकरली. पाळकसाहेबांनी त्या आठवड्यात चार जणांना माती दिली होती. आपण काय वाचलं ते त्यांना वाचून झाल्यावर कळलं. त्यांनी मान वर केली. तिसऱ्या रांगेत लिफ्टवाल्याची बायको डोळे मिटून बसली होती. सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ती म्हणाली,

"प्रभू, आमची विनंती ऐक."

मग बाकीच्यांनाही म्हणावंच लागलं. साठ माणसांनी देवाला सांगितलं की त्याला बरं कर. पाळकसाहेब घाईघाईनं बत्तीसवर गेले. बत्तीसावा एका कुत्र्याचा पाय होता.

पुढच्या रविवारी त्यांनी एकतीस गाळायचं ठरवलं होतं. तीस झाल्यावर त्यांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं, तर तिचे डोळे आधीच मिटलेले. डोळे मिटलेल्या माणसासमोर एकतीस गाळणं म्हणजे झोपलेल्याच्या खिशात हात घालण्यासारखं होतं. त्यांनी वाचलं. वाचण्याआधी थांबले, वाचून झाल्यावरही थांबले. असे सहा रविवार गेले. लिफ्टवाल्याच्या प्रकृतीत फरक पडला नाही.

मंडळी उपासनेला शाळेच्या क्रीडागृहात जमायची. चर्चच्या छताला भेग पडून ते सील झालं होतं, त्यामुळे प्रभुभोजनाचं टेबल आता बास्केटबॉलच्या रिंगखाली असायचं आणि त्यामागच्या भिंतीवर विजेचा गुणफलक असायचा. त्यावर लाल आकड्यांत कायम एकच निकाल होता : यजमान शून्य, पाहुणे एकाहत्तर. उपासनेपुरता तो बंद करावा म्हणून यादीचं काम बघणाऱ्या टायपिस्टबाईंनी क्रीडागृहाच्या व्यवस्थापकांना तीन अर्ज टाइप करून त्यांच्या खोलीच्या दाराखालून आत सरकवले होते. तिसऱ्या अर्जानंतर शिपाई म्हणाला,

"व्यवस्थापकाची जागा दोन वर्षं रिकामी आहे, बाई."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही अर्जच करत सुटलात."

हा शिपाई माणूस म्हणून चांगला होता, पण घड्याळ म्हणून त्याहून चांगला होता. पावणेअकराला क्रीडागृह बॅडमिंटनवाल्यांचं. पावणेअकराला तो दोन खांब रोवून मधोमध जाळी ताणायचा, मग तिथे कोणी गुडघे टेकून बसलेलं का असेना. एकदा आशीर्वाद अर्ध्या मंडळीला जाळीपलीकडून घ्यावा लागला होता. बॅडमिंटनवाले चौघं. ते अर्धा तास आधी येऊन दारात अदबीनं उभे राहायचे आणि यादी ऐकायचे. त्यांच्यातल्या दातांच्या डॉक्टरला तर यादी जवळजवळ पाठ झाली होती. कुत्र्याच्या पायाची त्याला विशेष काळजी होती.

काचेचा कारखाना बंद पडल्यापासून यादी लांबत चालली होती. पूर्वी एका पानात मावायची. आता चार पानं, अडुसष्ट नावं. कुणाची नोकरी, कुणाचं मूत्रपिंड, कुणाचा नवरा खुर्चीत बसतो आणि उठत नाही. एकानं वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचं हृदयपरिवर्तन मागितलं होतं, ड्रिल मशीनच्या संदर्भात. नाव घालायचं तर टायपिस्टबाईंचा छापील फॉर्म भरावा लागे : नाव, नातं, विनंतीचं स्वरूप, मुदत, सही. बाई कारखान्याच्या माल-रवानगी खात्यात तीस वर्षं होत्या. फॉर्मशिवाय काही पोचतं यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि हे वरच्यालाही लागू होतं.

लिफ्टवाल्याच्या बायकोनं सात महिन्यांपूर्वी मुदतीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'बरा होईपर्यंत.'

नाव काढायचं तर फॉर्मच्या मागे दोन रकाने होते. 'विनंती मान्य झाली' आणि 'अर्जदाराने मागे घेतली'. मृत्यूचा तिसरा रकाना ठेवावा असं बाईंनी सभेत सुचवलं होतं, पण मंडळीतले एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले की मरणाचा रकाना ठेवलात तर तो भरायला माणसं मिळतील, आणि ती सूचना एकमतानं फेटाळली गेली होती. आजवर मेलेल्यांच्या घरच्यांनी 'मागे घेतली'वर खूण केली होती. रडत असताना माणूस रकाने वाचत नाही.

सहाव्या रविवारी खुर्च्या मिटवताना टाइमकीपर बाईंच्या शेजारी येऊन उभा राहिला. कारखान्यात तो भट्टीपाशी वेळ मोजायचा. कारखाना बंद झाला तेव्हा सगळ्यांकडून सगळं परत घेतलं गेलं, याचं स्टॉपवॉच तेवढं राहिलं, कारण ते मागायला येणाऱ्या माणसालाच आदल्या दिवशी काढून टाकलं होतं. तेव्हापासून तो हाती लागेल ते मोजायचा.

"बाई, एकतिसाव्याला बावन्न सेकंद लागतात."

"बरं."

"बाकीच्यांना सरासरी एकोणीस. आज सदुसष्टपर्यंतच पोचलो आपण. मागच्या रविवारीही. त्याच्या मागच्याही दोन रविवारी."

अडुसष्टावं कोण ते बाईंना ठाऊक होतं. त्यांनीच टाइप केलं होतं. टाइमकीपरची मुलगी. कामासाठी परगावी. पाच आठवडे फोन नाही. मुदत : फोन येईपर्यंत.

"देवाला अख्खी यादी ठाऊक असते हो," बाई म्हणाल्या. "वाचली नाही तरी."

"मग वाचता कशाला?"

बाईंनी एक खुर्ची मिटवली. ती नीट मिटली नाही म्हणून उघडली आणि पुन्हा मिटवली.

"तिला जरा वर घ्या ना," तो म्हणाला. "बत्तीसला. कुत्र्याच्या आधी."

"आल्या क्रमानंच. तुम्हीच मांडला होतात तो नियम. देवापुढे वशिला नको म्हणून."

"तेव्हा माझी पोर घरी होती."

त्यानंही एक खुर्ची मिटवली.

"मी वाईट माणूस नाही, बाई. लिफ्टवाला माझा दोस्त होता. त्याच्या पेटीला खांदा दिलाय मी. पण तो मेलाय." त्यानं स्टॉपवॉचचं बटण दाबलं आणि उगीचच पुन्हा दाबलं. "माझ्या पोरीचं अजून काही ठरलेलं नाही."

टायपिस्टबाई फॉर्म घेऊन हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात गेल्या. लिफ्टवाला सगळ्यांचा भाऊ, म्हणून त्याची बायको सगळ्यांची वहिनी. बाई तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या होत्या, तरी त्याही वहिनीच म्हणायच्या. वहिनी इस्त्रीच्या मोठ्या यंत्रापाशी उभी होती. चादर अंथरायची, वरचं झाकण दोन्ही हातांनी खाली ओढायचं, वाफ जाऊ द्यायची, घडी घालायची.

"या बाई, बसा. बसायला काही नाही म्हणा. त्या गठ्ठ्यावर बसा, धुतलेला आहे."

बाई गठ्ठ्यावर बसल्या आणि हळूहळू खाली जात राहिल्या. गुडघे हनुवटीपर्यंत आल्यावर त्यांना वाटलं की हा विषय काढायला आपण फार बुटक्या झालो आहोत. त्यांनी तिथूनच हात लांबवून फॉर्म पुढे केला.

"सही हवी होती, वहिनी. मागच्या बाजूला."

वहिनीनं हात पुसले, कागद लांब धरला आणि वाचला. खरोखरच वाचला.

"दोनच रकाने आहेत."

"हो."

"'विनंती मान्य झाली.' ती तर झाली नाही."

"नाही."

"'अर्जदाराने मागे घेतली.' मी कुठं मागे घेतली?"

तीस वर्षांत बाईंच्या फॉर्मला कुणी असं कोपऱ्यात गाठलं नव्हतं.

"वहिनी, तो..."

"मेलाय. मला माहितीय, बाई. मी वेडी नाही. त्याचे मोजे मीच चढवले. डाव्याला भोक होतं. म्हटलं, आता कोण बघतंय. मग दुसरा शोधत बसले." तिनं झाकण ओढलं. वाफेत तिचा चेहरा दिसेनासा झाला, आवाज तेवढा येत राहिला. "सातव्या वॉर्डाच्या आहेत ह्या चादरी. यातलीच एखादी त्याच्याखाली होती. कुठली ते कळत नाही. सगळ्या स्वच्छ निघतात."

बाई गठ्ठ्यावरून उठायला गेल्या, पण त्यांना उठता आलं नाही.

"सांत्वनाची वचनं सगळी ऐकली मी," वहिनी म्हणाली. "पाळकसाहेब छान वाचतात. पण वचनात तो मेलेलाच असतो. शेवटल्या दिवशी उठणार म्हणतात. उठेल बापडा. तोवर सहाच्या पाळीला मीच उठते." तिनं घडी घातली आणि हातानं दाबली. "यादीत तो आजारी असतो. आठवड्यातून एकदा. आजारी माणसाची बायको व्हायला जमत होतं मला, बाई. सात महिन्यांत हात बसला होता. हे दुसरं अजून जमत नाही."

"हं."

"आणि साठ माणसं एकदम म्हणतात, ऐक म्हणून. साठ! कारखान्याच्या संपात चाळीसच होती. देव ऐकतो की नाही ते त्याचं तो बघेल. मी ऐकते. मला तेवढ्यावर शनिवारपर्यंत जाता येतं."

बाईंना सांगायचं नव्हतं, पण फॉर्म हातात असला की त्यांना खोटं बोलता येत नसे.

"एक नाव वाचायचं राहतं, वहिनी. वेळ पुरत नाही."

"कुणाचं?"

"शेवटचं. टाइमकीपरच्या मुलीचं."

"ती जाड भिंगाची? हसली की गुदमरायची ती?"

"तीच."

"किती वेळा राहिलं?"

"चार रविवार."

वहिनीनं पुढची चादर अंथरली आणि झाकण न ओढता तशीच उभी राहिली.

"माझ्यामुळं?"

"एकतिसाव्याला बावन्न सेकंद लागतात म्हणतो. मोजलेत त्यानं."

"त्यानं मोजलेत म्हणजे असणारच." तिनं बाईंना हात देऊन गठ्ठ्यातून वर काढलं आणि फॉर्म परत दिला. "सही नाही करत. माझा रकाना नाहीये इथं. पण बघते काय करता येतं ते."

त्या आठवड्यात नवा अर्ज एकही आला नाही. संकटं कमी झाली होती म्हणून नव्हे, छापील फॉर्म संपले होते. त्यामुळे सातव्या रविवारीही अडुसष्टावी शेवटचीच राहिली. टाइमकीपर मांडीवर स्टॉपवॉच घेऊन बसला होता. बॅडमिंटनवाले दारात आले होते. दहा वाजून तेवीस मिनिटांनी पाळकसाहेबांनी यादी उघडली.

तीस झालं. पाळकसाहेब नेहमीसारखे थांबायला गेले, आणि त्यांना दिसलं की वहिनीचे डोळे उघडे आहेत. ती त्यांच्याकडे रोखून बघत होती, बस थांबवायला हात करावा तशी.

"एकतीस. आपला लिफ्टवाला भाऊ, यकृताचा आजार, त्याच्या प्रकृतीला आरा..."

"प्रभू आमची विनंती ऐक!"

मंडळी बेसावध होती. कुणी 'प्रभू'ला पकडलं, कुणी 'विनंती'ला, आणि मागच्या रांगेतल्या एका आजी 'ऐक'ला एकट्याच पोचल्या. वहिनी पुन्हा समोर बघू लागली. टाइमकीपरनं बटण दाबून खाली पाहिलं. अकरा सेकंद.

त्यानं स्टॉपवॉच मांडीवर पालथं ठेवलं.

मग सगळ्यांनाच घाई लागली. कुत्र्याचा पाय नऊ सेकंदांत आटोपला. नोकऱ्या, मूत्रपिंडं, ड्रिल मशीन एकामागोमाग गेली. पाळकसाहेबांना खोकल्याची गोळी गिळावी लागली. दहा बेचाळीसला ते चौसष्टवर होते. कारखाना बंद पडल्यापासून या मंडळीचं इतकं वेळेत काहीच झालं नव्हतं. दहा त्रेचाळीसला त्यांनी वाचलं,

"सदुसष्ट. आपले आजोबा. डावा गुडघा."

आजोबा उठून उभे राहिले.

"उजवा," ते म्हणाले.

"बसा, आजोबा, त्याला कळतं," कुणीतरी मागून कुजबुजलं.

"कळतं काय? पाच महिने डाव्यासाठी चाललंय, म्हणूनच डावा ठणठणीत आहे माझा! यादीत दुरुस्ती करून घ्या. बाई, लिहून घ्या. उजवा."

बाईंनी पेन शोधलं. आजोबांनी उजवा कुठला ते दाखवण्यासाठी पाय वर केला, आणि तो खाली ठेवायला त्यांना दोघांनी धरावं लागलं. तेवढ्यात शिपायानं पहिला खांब रोवला. पाळकसाहेबांनी श्वास घेतला आणि "अडुस..." म्हणाले, तोच जाळी ताणली गेली. प्रभुभोजनाचं टेबल, पाळकसाहेब आणि पुढच्या तीन रांगा अलीकडे राहिल्या, बाकी मंडळी पलीकडे. चौघं बॅडमिंटनवाले अदबीनं खुर्च्या उचलू लागले. पाळकसाहेबांनी हात जाळीच्या वर नेले आणि आशीर्वाद दिला. गुणफलकावर पाहुणे एकाहत्तरच होते.

वहिनी जाळीपाशी गेली. पलीकडून टाइमकीपर आला.

"झालं का हो तिचं?" तिनं विचारलं. तिला ऐकू आलं नव्हतं असं नव्हे.

"नाही. गुडघा."

"हो. उजवा."

टाइमकीपरनं जाळीच्या एका चौकोनात बोट घातलं आणि बाहेर काढलं.

"घाई कशाला केलीत, वहिनी?" तो म्हणाला. "आता तुमचंही गेलं."

एका हातानं ती दुसऱ्या हाताचा तळवा दाबत होती, घडी घातल्यासारखा.

दातांचा डॉक्टर जाळीखालून वाकून आला, रॅकेट काखेत धरून. इतके रविवार नुसतं ऐकून घेतल्याचा त्याला संकोच वाटत असावा.

"माफ करा हं, मध्येच विचारतो. ते लिफ्टवाले तुमचेच मिस्टर ना? आज फारच भरकन वाचलं त्यांचं. कसे आहेत आता?"

वहिनीनं तोंड उघडलं. जवळच्या दोनचार खुर्च्या मिटायच्या थांबल्या.

"आजारी आहे," टाइमकीपर म्हणाला. "अजून आजारीच आहे."

"पडेल हो आराम. माझ्या मेहुण्याला पडला."

"हो. वेळ लागतो."

डॉक्टर मान हलवून सर्व्हिस करायला गेला. टाइमकीपरनं स्टॉपवॉच खिशात टाकलं आणि बाईंकडे वळला.

"बाई, टाइपरायटर आहे ना घरी?"

"आहे."

"मग एक अर्ज करा. वरती. एक मिनिट मागा."

"वरती म्हणजे?"

"व्यवस्थापकाकडं."

"अहो, ती जागा..."

"माहितीय. मागा तरी. बावन्न सेकंदच लागतात, पण मिनिट लिहा. ऐक म्हणायला वेळ ठेवा."

बाईंनी बुधवारी अर्ज टाइप केला. सह्या घेत फिरायला तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत कुणाचा फोन आला नाही आणि कुणी बरंही झालं नाही. आजोबांनी सहीच्या पुढे कंसात 'उजवा' लिहिलं. वहिनीनं धुलाईखान्यात हात पुसून कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, आणि या कागदावर मात्र सही केली. पान एकच आणि सह्या साठ, म्हणून त्या समासातून वर चढत गेल्या होत्या.

आठव्या रविवारी उपासनेआधी बाई व्यवस्थापकांच्या खोलीसमोर गुडघे टेकून बसल्या. शिपाई किल्ल्या हातात घेऊन बघत होता. दाराखाली आधीचे तीन अर्ज कुठेतरी अडले असावेत. हा चौथा निम्मा आत गेला आणि थांबला. बाईंनी ढकलून पाहिला, नखानं सारून पाहिला, मग नाद सोडला आणि दाराच्या मुठीला धरून उठल्या. बाहेर राहिलेल्या निम्म्या कागदावर एवढं वाचता येत होतं :

...गुणफलकाबाबतचे यापूर्वीचे तीन अर्ज प्रलंबित असून अर्जदारांनी ते मागे घेतलेले नाहीत, याचीही कृपया नोंद व्हावी.

तरी दर रविवारी सकाळी १०.४५ ऐवजी १०.४६ वाजेपर्यंत जाळी न लावण्याचे आदेश संबंधितांस देण्यात यावेत, ही नम्र विनंती.

कारण : मंडळीतील एक सभासद आजारी आहे व एक परगावी आहे.

मुदत : तो बरा होईपर्यंत किंवा तिचा फोन येईपर्यंत, यांपैकी जे नंतर घडेल तोपर्यंत.